कॅन्यनच्या फोटोंचं डिजिटल स्क्रॅपबुक पान: मदत हवी आहे

मोगरा_नाशिक
मुलगी अमेरिकेत फिनिक्सला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ, पेज गावाजवळचं नदीचं वळण हॉर्सशू बेंड आणि अप्पर अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ असं फिरणं झालं. फोटो ढिगाने आहेत. माझ्या फोनमधले, अहोंच्या कॅमेऱ्यातले, शिवाय जावयांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले.

मला त्यांचं एकच पान करायचं आहे. बारा बाय बारा इंच, छापून हॉलमध्ये लावता येईल असं. चौकोनात चौकोन बसवून कोपऱ्यात विमानाचं चित्र टाकलेलं कोलाज कॅनव्हात करून पाहिलं. ते ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकासारखं दिसतं, म्हणून ते नको. फोटो कागदात विरघळलेले, रंगाचे फटकारे, फाटक्या कडा, हाताने लिहिल्यासारखा मजकूर, असं काही डोक्यात आहे.

लॅपटॉपवर गिंप (फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलंय. लेअर म्हणजे काय ते कळतं, मास्कशी अजून ओळख नाही. फोटो कसे निवडायचे इथपासून सांगा. आणि छपाई नाशिकमध्ये करून मिळेल का तेही.

चहाबिस्किट
जागा धरून ठेवतोय. अशा धाग्यांवर शंभर प्रतिसाद होतात आणि पान काही होत नाही, असा आजवरचा इतिहास आहे. काकू, तुम्ही तो मोडा.

पिक्सेलपंत
लग्नपत्रिका, मेन्यूकार्ड आणि द्राक्षांच्या पेट्यांची डिझाइनं करून पोट भरतो, तेव्हा थोडं अधिकाराने बोलतो.

ग्रँड कॅन्यनच्या फोटोंची मूळ गोची त्याच्या आकारात आहे. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली १,८०० मीटरच्या वर. फोनची वाइड लेन्स हे सगळं एका चपट्या पट्ट्यात कोंबते. वर आकाश, खाली रेलिंग, मधे लालसर तपकिरी पट्टा. काठावर उभं असताना पोटात गोळा आला असेल, फोटोत त्यातलं काहीही येत नाही. असे पाच पट्टे एका पानावर ठेवले की पाचही एकमेकांना मारतात.

म्हणून मुख्य फोटो एकच घ्या. त्यात जवळचं, मधलं आणि लांबचं असे तीन टप्पे स्पष्ट दिसले पाहिजेत. जवळ एखादं वाकडं झाड किंवा माणूस, मधे उतरती धार, मागे निळसर धुक्यात हरवत गेलेले कडे. भर दुपारचे फोटो बाद करा, सावल्याच नसतात. सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर काढलेले बघा.

बाकी दोन-तीन फोटो छोटे. बस. इथे हौसेला आवर घालायचा.

रेवा_स्क्रॅप्स
पंतांना अनुमोदन. निवडण्याआधी एक काम करा मोगराताई, तिन्ही उपकरणांतले फोटो वेळेप्रमाणे लावून घ्या. आणि तिथे एक गंमत तुम्हाला छळणार आहे. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नावाहो लोकांचा प्रदेश करतो. अँटेलोप कॅन्यन त्यांच्याच हद्दीत आहे. त्यामुळे पेजच्या आसपास फोनचं घड्याळ एका तासाने पुढे-मागे उड्या मारतं. एकाच अर्ध्या तासातले फोटो उलटसुलट क्रमाने दिसले तर घाबरू नका.

मोगरा_नाशिक
अगं बाई, हेच झालंय! मला वाटलं फोन बिघडला. आणि अहोंचा कॅमेरा तर पूर्ण प्रवासभर भारतीय वेळेवरच होता. म्हणजे साडेबारा तासांचा फरक. त्यांचे सूर्यास्ताचे सगळे फोटो सकाळचे म्हणून लागलेत.

पिक्सेलपंत
कॅमेऱ्याची वेळ सरसकट साडेबारा तास मागे घेता येते, फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. एकेका फोटोला हात लावत बसू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जावयांचे फोटो. व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आवळून लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेलवर आणतं. छपाईसाठी आपण इंचाला ३०० पिक्सेल धरतो. म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचांपेक्षा मोठा छापला की फुटायला लागणार. बारा इंचांच्या पानाला ३,६०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. त्यांना मूळ फाइली ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवर टाकून पाठवायला सांगा. आजकालचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोन ४,००० बाय ३,००० चा फोटो काढतो, तेवढा आपल्याला पुरतो.

कुलंगवेडा
एवढं लांब कशाला जायचं? घोटीवरून भंडारदऱ्याला वळा, साम्रद गाठा आणि सांदण दरीत उतरा. नाशिकहून पहाटे निघालं तर दुपारपर्यंत पाण्यातून चालत असाल. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आकाशाची चिंधी. आपलंच कॅन्यन आहे की! (पावसाळ्यात मात्र चुकूनही नाही.)

मोगरा_नाशिक
सांदण तरुणपणी राहून गेली, आता गुडघे नाही म्हणतात. तुमचे फोटो असतील तर दाखवा.

माझी शंका अशी, की मला ग्रँड कॅन्यन, हॉर्सशू बेंड आणि अँटेलोप तिन्ही एकाच पानावर हवेत. तीन पानं छापायला भिंत नाही. पण अँटेलोपचे फोटो केशरी-जांभळे, ग्रँड कॅन्यनचे धुरकट, हॉर्सशूचे हिरव्या नदीचे. शेजारी ठेवले की अगदीच विसंगत दिसतात.

पिक्सेलपंत
मग अँटेलोप काढा. तो प्रकाशच वेगळ्या जगातला आहे.

बसाल्टबुवा
काढू नका. मी भूगोल शिकवून निवृत्त झालोय, डिझाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण या तिन्ही जागांचा एकमेकींशी काय संबंध आहे तो सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

हॉर्सशू बेंड आणि ग्रँड कॅन्यन ही एकाच कोलोरॅडो नदीची करामत. हॉर्सशू वरच्या अंगाला, ग्रँड कॅन्यन प्रवाहाच्या खालच्या अंगाला. हॉर्सशू आणि अँटेलोप या दोन्ही जागी जो नारिंगी खडक दिसतो तो नावाहो वालुकाश्म, जुरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्यांचा बनलेला. अँटेलोपच्या भिंतींवर ज्या वळणदार रेघा दिसतात त्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या थरांच्या. आतली घळ मात्र अचानक येणाऱ्या लोंढ्यांनी घासून काढलेली.

आता ग्रँड कॅन्यनच्या काठावर तुम्ही ज्या खडकावर उभ्या होतात तो कैबाब चुनखडक, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे नावाहो वालुकाश्म त्याच्यापेक्षा तरुण. थरांच्या क्रमात तो कैबाबच्या वर येतो.

काठावरून खाली पाहत गेलात की आणखी जुनं. कैबाबच्या खाली फिकट पिवळसर कोकोनिनो वालुकाश्म, तोही वाळवंटाचाच. मग लाल हर्मिट आणि सुपाई. त्याखाली रेडवॉलचा उभा कडा. हा रेडवॉल मुळात करड्या रंगाचा चुनखडक आहे, वरच्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याचा दर्शनी भाग लाल झालाय. मग हिरवट ब्राइट एंजल शेल, तपकिरी टॅपीट्स वालुकाश्म. आणि अगदी तळाशी, नदीच्या चिंचोळ्या घळीत, काळपट विष्णू शिस्ट, म्हणजे उष्णता आणि दाबाने रूप बदललेला खडक. तो सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा.

तेव्हा पानाच्या वरच्या भागात अँटेलोप आणि हॉर्सशू, मधे ग्रँड कॅन्यनचे पट्टे, तळाला काळा विष्णू शिस्ट. डोळा वरून खाली आला की काळ मागे जातो. तिन्ही जागांना आपापली जागा मिळाली.

रेवा_स्क्रॅप्स
बुवा, तुम्हाला डिझाइनमधलं कळत नाही म्हणता आणि अख्खा लेआउट देऊन गेलात.

पिक्सेलपंत
माझं म्हणणं मागे. याने रंगांचाही प्रश्न सुटतो. वर उष्ण नारिंगी, मधे लाल-फिकट-लाल, खाली काळपट. असा उतार असला की विसंगती डोळ्यांवर येत नाही. मजकूर तळाच्या काळ्या पट्ट्यावर पांढऱ्यात.

चहाबिस्किट
विष्णू शिस्ट?? अॅरिझोनात?

बसाल्टबुवा
हो. क्लॅरेन्स डटन नावाचा अमेरिकी भूवैज्ञानिक होता, ग्रँड कॅन्यनवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८८२ सालचा. तिथल्या सुळक्यांना त्याने पूर्वेकडच्या देवांची नावं दिली, विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी. ती आजही नकाशावर आहेत. विष्णू शिस्टचं नावही त्याच गोतावळ्यातलं.

मोगराताई, त्या ग्रंथाबरोबर एक नकाशासंग्रह निघाला होता. त्यात विल्यम हेन्री होम्स याने काढलेली पॅनोरामा चित्रं आहेत. ती नेटवर सापडतील, जरूर बघा. थर दाखवण्यासाठी त्याने बारीक रेघा आणि अगदी हलके सपाट रंग वापरलेत. फोटो नसून चित्र आहे, तरी प्रत्येक कडा ओळखू येतो.

रेवा_स्क्रॅप्स
होम्सची चित्रं बघून आले. केवढी सफाई! मोगराताई, तुमच्या पानाला हीच शैली द्यायची. अर्धा फोटो, अर्धी रेघ. सांगते कसं.

३,६०० बाय ३,६०० चं कोरं पान उघडा. पांढरं ठेवू नका. आयड्रॉपरने कैबाबचा तो दुधाळ-करडा रंग उचला, आणखी थोडा फिकट करा आणि तो तळाला भरा. त्यावर कागदाचा पोत हवा. विकतचे पोत असतात, पण घरचा बरा. जाड ड्रॉइंग पेपर खिडकीशी तिरप्या उन्हात धरून फोटो काढा, काळापांढरा करा, लेअरचा मोड ‘मल्टिप्लाय’ ठेवा. मल्टिप्लायमध्ये पांढरं गायब होतं आणि गडद तेवढं उरतं, त्यामुळे कागदाचे कण रंगावर उमटतात.

मग मुख्य फोटो वरच्या लेअरवर आणा. लेअरवर राइट क्लिक करून ‘अॅड लेअर मास्क’, त्यात पांढरा निवडा. आता ब्रशने काळा रंग मास्कवर ओढाल तिथे फोटो झाकला जाईल, पांढरा ओढाल तिथे परत येईल, करडा ओढाल तिथे अर्धवट. फोटोला धक्का लागत नाही, कधीही मागे येता येतं. खोडरबर अजिबात वापरू नका.

कलात्मकपणा सगळा या ब्रशमध्ये आहे. गोल मऊ ब्रश घेतलात तर कडा लग्नाच्या जुन्या अल्बमसारख्या धुरकट होतील, बदामात नवरा-नवरी असायचे तशा. गिंपमध्येच अॅक्रिलिक, चॉक, स्पंज असे ब्रश आहेत. ते मोठे करून आडवे फटकारे मारा, आडवेच, कारण थर आडवे आहेत. आकाश जवळजवळ पूर्ण घालवा. कड्यांची वरची कड ठेवा. खालच्या बाजूला फोटो फटकाऱ्यांतून तुटत तुटत संपू दे.

मोगरा_नाशिक
आकाश घालवायचं? तेच तर निळंशार आलंय.

रेवा_स्क्रॅप्स
म्हणूनच. ते निळं ठेवलं की डोळा तिथेच जातो. निळा रंग फक्त लांबच्या कड्यांत राहू दे, तिथे तो अंतर दाखवतो.

रेघांसाठी मुख्य फोटोच्या लेअरची एक प्रत काढा. काळीपांढरी करा, ‘एज डिटेक्ट’ चालवा, मग उलट करा म्हणजे पांढऱ्यावर काळ्या रेघा दिसतील. मोड मल्टिप्लाय. या प्रतीचा मास्क मूळ फोटोच्या मास्कच्या उलट करा. जिथे फोटो विरला तिथे रेघा दिसायला लागतील. काळ्याऐवजी त्यांना गडद तपकिरी रंग द्या.

देवळाली_कॅम्प
फोटोपिया वापरलं तर चालेल का? माझ्या जुन्या लॅपटॉपवर गिंप चालताना पंखा घरघरायला लागतो.

रेवा_स्क्रॅप्स
चालेल की. ब्राउझरमध्ये उघडतं, फोटो कुठे अपलोड होत नाहीत, काम तुमच्याच मशीनवर होतं. मोडची नावंही तीच. फक्त दर पाच मिनिटांनी फाइल उतरवून घ्या, टॅब बंद झाला की बोंबला.

मोगरा_नाशिक
पहिला प्रयत्न टाकलाय, बघा. मुख्य फोटो मेदर पॉइंटवरून संध्याकाळी अहोंनी काढलेला. मास्कचं तंत्र जमलं, फार मजा आली! पण अँटेलोपचे दोन फोटो वर ठेवलेत ते चिकटवल्यासारखे वाटतात. आणि त्यांचा जांभळा रंग खरा आहे का? तिथे आत इतकं जांभळं दिसलं नव्हतं.

पिक्सेलपंत
फोनने थोडा चढवलाय, पण अगदी खोटाही नाही. आत पोचणारा बराचसा उजेड लाल भिंतींवर आपटून येतो, म्हणून नारिंगी. जिथे थेट आकाशाचा निळा उजेड खोल सावलीत झिरपतो तिथे जांभळी झाक. डोळा ते जुळवून घेतो, फोन घेत नाही. व्हाइट बॅलन्स किंचित उबदार बाजूला न्या आणि रंगांची तीव्रता वीस टक्क्यांनी उतरवा.

रेवा_स्क्रॅप्स
माझं मत उलट. जांभळं राहू दे. पान कलात्मक करायचं म्हणताय ना? त्या घळीत उभं राहून मान वर केल्यावर काय वाटलं ते महत्त्वाचं. पंत सगळ्याला पासपोर्ट फोटो करून टाकतील.

पिक्सेलपंत
छापून आल्यावर तो जांभळा मातकट झाला की मग माझ्याकडे येऊ नका. स्क्रीनवर उजळणारे काही जांभळे-नारिंगी रंग शाईत उतरतच नाहीत. मी इथे रोज ग्राहकांशी याच विषयावर भांडतो. त्यांना द्राक्षं मोबाइलवर दिसतात तेवढी हिरवी हवी असतात पुठ्ठ्यावर.

कुलंगवेडा
मी मधला मार्ग सुचवतो. एका फोटोत जांभळा ठेवा, छोट्यात, आणि दुसरा उतरवा. सांदणच्या फोटोंना मला उलटा त्रास होतो. कातळ काळा, शेवाळ हिरवं, वरची फट पांढरीफट्ट. फोन फटीकडे बघून उजेड ठरवतो आणि भिंती निव्वळ काळ्या होतात. मग सावल्या उचलायला गेलो की रांगोळी सांडल्यासारखे रंगीत कण. आता फोटो काढतानाच भिंतीवर बोट ठेवून उजेड लॉक करतो.

रेवा_स्क्रॅप्स
चिकटवल्यासारखे वाटतात त्याचं कारण सावल्या. मुख्य फोटोला सावली नाही, तो कागदात मुरलाय. छोट्यांना मात्र तुम्ही गिंपची तयार ड्रॉप शॅडो दिलीत, तीही ठार काळी. दोन गोष्टी करा. सावलीचा रंग गडद तपकिरी, अपारदर्शकता तीस-पस्तीस टक्के, मोड मल्टिप्लाय. आणि उजेडाची दिशा पाहा. मुख्य फोटोत ऊन डावीकडून येतंय, कड्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात. तुमच्या छोट्या फोटोंच्या सावल्या डावीकडे आहेत. डोळ्याला नक्की कारण कळत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

शिवाय छोट्यांच्या कडा सरळ आहेत. त्यांना फाटक्या कागदावर बसवा. खरा कागद फाडायचा! ड्रॉइंग पेपर स्वतःकडे ओढत सावकाश फाडा, म्हणजे कडेला पांढऱ्या तंतूंची पट्टी सुटते. काळ्या कापडावर ठेवून वरून फोटो घ्या. काळी पार्श्वभूमी रंगाने निवडून काढून टाका. सॉफ्टवेअरने बनवलेली फाटकी कड लगेच ओळखू येते, दर दोन सेंटिमीटरला तोच दात.

मोगरा_नाशिक
कागद फाडताना नातवाने फारच मदत केली, त्यामुळे कडा भरपूर मिळाल्या. 😀

तळाच्या काळ्या पट्ट्यासाठी विष्णू शिस्टचा वेगळा फोटो नाही. अहोंनी झूम करून आतली घळ टिपलीय, पण तुकडा अगदी लहान.

बसाल्टबुवा
लहान असला तरी तोच वापरा. मी तुम्हाला सोमेश्वर धबधब्यापाशी जाऊन गोदावरीच्या पात्रातल्या कातळाचा फोटो घ्या म्हणणार होतो, काळा तर तोही आहे. पण आपला खडक बसाल्ट, लाव्ह्याचा. दख्खनच्या पठाराचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. १७० कोटींच्या जागी तो बसवलात तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही.

रेवा_स्क्रॅप्स
बुवा, कोण येणार आहे तपासायला? पोत म्हणून हलकासा बसाल्ट खाली घातला तर कलेच्या दृष्टीने मला काही वावगं वाटत नाही. नाशिकच्या माणसाने केलेल्या पानाला नाशिकचा दगड. मी माझ्या पानांत पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या पोपडे सुटलेल्या भिंतीचा पोत सर्रास वापरते.

मोगरा_नाशिक
बुवांचं ऐकते. क्रम पाळायचा ठरवलाय तर तळाशी लबाडी नको. अहोंचा तो तुकडा मोठा करून पुसट ठेवलाय, वर तपकिरी-काळा रंग मल्टिप्लायमध्ये. फुटलेले पिक्सेल झाकले गेले. भिंतीचा पोत मात्र वरच्या कागदाला घेतला, आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीचा. तिथे खडकांच्या वयाचा प्रश्न येत नाही ना, बुवा?

बसाल्टबुवा
चुन्याला माझी हरकत नाही.

देवळाली_कॅम्प
मजकुरासाठी फॉन्ट कुठला? मी फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात.

पिक्सेलपंत
फोटोशॉपच्या सेटिंगमधला मामला आहे. परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा, वेलांटी जागेवर येईल. गिंपमध्ये हा त्रास नाही.

फॉन्ट युनिकोडच घ्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, छपाईलाही मोकळे. हाताने लिहिल्याचा भास हवा असेल तर ‘कलम’. पुस्तकी, नीटस हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. शीर्षकाला ‘यात्रा वन’ छान दिसतो, रेल्वेच्या पाट्यांच्या धाटणीचा. एका पानात दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

मोगरा_नाशिक
मजकूर असा लिहिलाय, सांगा कसा वाटतो:

“काठावर वारा इतका की पदर धरावा की टोपी कळेना. जावई दर दोन मिनिटांनी म्हणत, आई, मागे या. अहो काही बोलले नाहीत, आणि ते गप्प बसले म्हणजे आवडलं असं समजायचं. अँटेलोपमध्ये वाट दाखवणाऱ्या नावाहो मुलीने भिंतीवरच्या रेघा दाखवल्या आणि हाताने वाऱ्याची दिशा करून दाखवली.”

वर शीर्षक “ग्रँड कॅन्यन, मे महिना” ठेवलंय. आधी “निसर्गाचा अद्भुत आविष्कार” लिहिलं होतं, ते उडवलं.

चहाबिस्किट
उडवलंत ते उत्तम केलंत. मजकूर झकास. “अहो काही बोलले नाहीत” या वाक्यावर अडकलोय, आमच्याकडे उलट परिस्थिती आहे.

रेवा_स्क्रॅप्स
त्या गाइड मुलीचा हात आलाय का कुठल्या फोटोत? रेघांवरून फिरणारा? असेल तर तोच छोट्या दोनांपैकी एक ठेवा. प्रकाशाच्या झोताचा फोटो सगळ्यांकडे असतो.

मोगरा_नाशिक
आलाय! थोडा हललेला आहे म्हणून बाजूला टाकला होता. बोटं धूसर, पण भिंतीवरच्या रेघा लख्ख. चेहरा नाहीये, नुसता हात, म्हणजे तिची परवानगी वगैरेचीही अडचण नाही. लावून बघितला. झोताच्या फोटोपेक्षा कितीतरी बरा वाटतो, आणि पंतांच्या समाधानासाठी याच्यातला जांभळा आपोआपच कमी आहे.

पिक्सेलपंत
समाधान झालं.

आता छपाई. दुकानाचं नाव इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एम. जी. रोड आणि मेहेर सिग्नलच्या आसपास विचारलंत तरी फोटो प्रिंट करणारे भेटतील. सांभाळायच्या गोष्टी सांगतो.

फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका, फोटोपेपरवर छापणाराच गाठा. कागद मॅट किंवा लस्टर. चकचकीत घेतलात तर फाटक्या कागदाचा आभास मरतो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात द्या. काही फोन, विशेषतः आयफोन, जास्त रुंद रंगपट्ट्यात फोटो साठवतात. असा फोटो गिंपमध्ये उघडताना ‘कन्व्हर्ट करू का’ असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा. नाहीतर प्रिंटवाल्याच्या मशीनवर लाल रंग बसलेला येतो आणि खापर मशीनवर फुटतं.

मजकूर चित्रात मिसळूनच द्या, म्हणजे सगळे लेअर एकत्र करून सर्वोच्च दर्जाची जेपेग किंवा टिफ. लेअरवाली फाइल त्यांच्या हातात दिलीत तर तुमचा युनिकोड फॉन्ट त्यांच्याकडे नसणार. मग कोणीतरी श्रीलिपीत मजकूर पुन्हा टाइप करून देतो आणि ‘आविष्कार’चा ‘अविष्कार’ होतो. लेअरवाली मूळ फाइल घरी जपून ठेवा.

आणि चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा, कटिंगला. मजकूर कडेपासून अर्धा इंच तरी आत.

कुलंगवेडा
हे जास्तीचं चित्र फार महत्त्वाचं. माझ्या एका फोटोत रतनगडाचं नेढं कडेला होतं, कटिंगमध्ये अर्धं गेलं. दुकानदार म्हणाला, भोक तर होतं, त्यात काय गेलं!

चहाबिस्किट
😂😂 दुकानदाराला इकडे आणा.

मोगरा_नाशिक
आधी सहा बाय सहाची चाचणी प्रिंट काढून आणली. रेघा आणि फाटक्या कडा सुरेख आल्यात. पण एकूण पान स्क्रीनपेक्षा गडद आलंय. तळाचा पट्टा तर नुसता काळा, त्यातला खडक दिसतच नाही. मजकूर वाचता येतो तेवढंच.

पिक्सेलपंत
अपेक्षित होतं. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून काम केलंत ना? पडद्यातून प्रकाश येतो, कागद खोलीतला उजेड परत फेकतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा, शेजारी ती चाचणी प्रिंट खिडकीच्या उजेडात धरा आणि दोन्ही सारखं दिसेपर्यंत पडदा कमी करा. मग ‘कर्व्ह्ज’मध्ये फक्त गडद भाग थोडे वर उचला. मधल्या लाल थरांना हात लावू नका, ते छान बसलेत. हॉलमध्ये जिथे लावणार तिथे दिवा कुठून पडतो?

मोगरा_नाशिक
डावीकडून, खिडकी आहे. म्हणजे पानातल्या उजेडाच्याच बाजूने! हे ठरवून केलेलं नाही हं.

रेवा_स्क्रॅप्स
वा! मग मॅटच घ्या, खिडकीचं प्रतिबिंब पडणार नाही. आणि बारा बाय बाराची फ्रेम तयार सहसा मिळत नाही, चौकोनी करून घ्यावी लागेल. कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालायला सांगा, पावसाळ्याच्या दमटपणात प्रिंट काचेला चिकटत नाही.

देवळाली_कॅम्प
माझी वेलांटी जागेवर आली. पंत, आभार!

कुलंगवेडा
मीही सांदणचं पान करायला घेतोय. आमच्याकडे थर एकच, काळा. बुवा, क्रम काय लावू?

बसाल्टबुवा
एक नाही. साम्रदच्या आसपासचे कडे लांबून नीट बघा. लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचलेत, पायऱ्यापायऱ्यांचे. मधे कुठे कुठे लालसर पट्टी दिसते, ती दोन प्रवाहांच्या दरम्यान भाजलेल्या मातीची. अलंग, मदन, कुलंगचे फोटो असतीलच तुमच्याकडे. नवीन धागा काढा, तिथे बोलू.